पौषात उभं राहिलेलं घर

पौष लागला की मुरबाडच्या एसटी स्टँडवर वालाच्या शेंगा येतात आणि शहापूरच्या बाजूनं एसी मिनीबसमधून गोरे लोक येतात. शेंगा कामाच्या असतात.

परवाही मी शेंगाच घेत होते. शेंगवाली मापात हात आखडता घेत होती, मी तिच्याशी हुज्जत घालत होते, आणि तेवढ्यात ती पांढरी बस नाक्यावरून वळली. खिडकीतून एका उन्हानं लालबुंद झालेल्या पोरीनं मला हात हलवून दाखवला. का, ते देव जाणे. ना ओळख ना पाळख. या लोकांना रस्त्यातल्या म्हशीलाही हात हलवताना मी पाहिलं आहे. म्हैस निदान मान तरी वळवते, मी तेवढंही केलं नाही. शेंगा घेतल्या आणि घरी आले. पण सोलायला बसले तशी दोन वर्षांपूर्वीचा पौष काही डोक्यातून जाईना.

त्या वर्षी मी स्वतः त्या बसमधून फिरत होते. सगळी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मी वीटकामावर गेले. माझा भाचा समीर एका संस्थेत नोकरीला आहे. ही संस्था परदेशातून हौशी माणसं आणते, त्यांच्या हातानं इथल्या वाड्यांवर गरिबांची घरं बांधून घेते आणि त्यांना निरोप देताना शाल-श्रीफळ देते. त्यांना दुभाषी हवा होता. समीर म्हणाला, "आत्या, तुला घरी बसून कंटाळा येतो ना?" मला कंटाळा मुळीच येत नव्हता. पण भाच्याची नोकरी नवी होती आणि माझी जीभ बरेच दिवस वापराविना पडून होती.

पौषातलं आमच्याकडचं सकाळचं ऊन कोणाला सांगून कळायचं नाही. भात झोडून झालेला असतो. खाचरं रिकामी, त्यात वालाचे वेल पसरलेले. खळ्यावर शेणसारवण अजून टिकून असतं आणि बाजूला पेंढ्याची उडवी रचलेली असते, घराएवढी उंच. तिच्याजवळ उभं राहिलं की गरम, गोडूस वास येतो. कुडाच्या घरांच्या कौलांमधून धूर निघतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं घराला आग लागली. पहिल्याच दिवशी बसमधल्या एका माणसाला तसं वाटलं. तो पाण्याची बाटली घेऊन धावत सुटला. कारवीच्या काठ्यांची भिंत, वर शेणमातीचा लेप, चुलीचा धूर वर जातो आणि वाशांना कीड लागू देत नाही, एवढं सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं "वाव" म्हटलं. त्या महिन्यात मी तो शब्द इतक्या वेळा ऐकला की अजूनही कुठं कानावर पडला तर दात शिवशिवतात.

मुरबाडहून माळशेजच्या बाजूला जीपनं तासभर जायचं, मग ओढा ओलांडून चढ चढायचा, की ठाकरांची वाडी लागते. हिरूबायचं घर तिथलं. हिरूबाय म्हणजे काळी, काटक, मशेरीनं दात रंगवलेली बाई. बोलायला लागली की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावं. घरात तिचा मुलगा किसन आणि सून जानकी. जानकीचे दिवस भरत आले होते. किसन वाशिंदच्या एका कारखान्यात कंत्राटावर जायचा, पण घराचं काम निघालं म्हणून त्यानं खाडा केला होता. त्यांच्या कुडाच्या घराला लागूनच नव्या घराचा पाया घातलेला होता, आणि तो पुरा करायला सातासमुद्रापलीकडून माणसं आली होती.

काय ती माणसं! हातात मोजे, डोक्यावर टोप्या, नाकावर पांढरं मलम. आठ जणांची रांग करून एकेक वीट हातोहात द्यायची, आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला थांबायचं. एकाच्या तळहाताला फोड आला तर बाकीच्यांनी त्याला मिठ्या मारल्या. वाडीतल्या बाया दिवसाला तीनदा ओढ्यावरून हंडे आणून त्या नव्या भिंतींना पाणी पाजत होत्या, कारण सिमेंटला पाणी लागतं. त्यांना कोणी मिठी मारली नाही. तानसा-भातसाचं पाणी आमच्या तालुक्यांतून नळानं मुंबईला जातं याचा आम्हाला राग येत नाही, सवय झाली आहे. पण एका घरानं बायांच्या डोक्यावरून एवढं पाणी प्यावं, आणि ज्यांनी ते बांधलं त्यांनी बाटलीबंद पाण्यानं चूळ भरावी, हे बघताना मी रिकाम्या बाटल्या मोजत बसायची.

या सगळ्यांची पुढारी हेलन. कॅनडाची. पन्नाशीची, उंच, खांदे पुरुषासारखे, आवाज मात्र लहान मुलीला गोष्ट सांगावी तसा. आदल्या वर्षी ती नुसती मदतनीस म्हणून आली होती, या वर्षी पुढारी होऊन परतली होती. विमानतळावर उतरल्यापासून ती एकच वाक्य म्हणत होती, "मी माझ्या घरी परत आले." आता जिच्या गावी जानेवारीत दारासमोर कमरेएवढा बर्फ साचतो, तिला आमचा पौष घरासारखा वाटला तर नवल काय. वैशाखात येऊन बघ म्हणावं. पण ती भाषणं फार मनापासून करायची आणि मला त्यांचं मराठी करावं लागायचं. ती दहा मिनिटं बोलायची, डोळे पुसायची, मग सगळी वाडी माझ्याकडे बघायची. मी म्हणायची, "ती म्हणते, तुम्हाला भेटून बरं वाटलं." हेलन विचारायची, "एवढंच?" मी सांगायची, मराठी आटोपशीर भाषा आहे.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा तिला आदल्या वर्षीचं घर बघावंसं वाटलं. ते शहापूर तालुक्यात, तानसाच्या बाजूला. आम्ही गेलो. घर छान उभं होतं. निळं दार, दाराशेजारी संस्थेची पाटी, आणि एका भिंतीवर आदल्या वर्षीच्या पाहुण्यांच्या हातांचे रंगीत ठसे. त्या भिंतीला ते प्रेमाची भिंत म्हणत. हेलननं आपला ठसा शोधून त्यावर पंजा ठेवला आणि दार ढकललं. आत भाताच्या कणग्या होत्या आणि चार शेळ्या. एक शेळी प्रेमाच्या भिंतीला आतून अंग घाशीत उभी होती. घरातली माणसं पलीकडे जुन्या कुडाच्या घरात चुलीपाशी बसली होती.

घरची बाई लाजली नाही की घाबरली नाही. म्हणाली, "घर ब्येस हाय बाई. पन आत झोप येत नाय. उन्हाळ्यात पत्रा तापतो, थंडीत पत्र्यातून थेंब गळतं. भाताला लय चांगलं. उंदीर नाय येत." मी हे जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता, कारण सांगायला मजा येत होती. हेलनचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर किन्हवलीला चहाला थांबलो तेव्हा समीरला म्हणाली, "जुनं घर उभं असतं म्हणून ते परत त्यात जातात. या वर्षी जुनं घर पाडायचं. किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी. सगळ्यांनी मिळून."

समीर "येस, येस" म्हणाला. समीरचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांवर चाललेलं आहे. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, किल्ली तुम्ही देणार पौषात. पौषात नव्या घरात कोण पाऊल टाकतं? जुनं पाडलंत तर ती माणसं जायची कुठं? हिरूबायची सून बाळंत व्हायची आहे." तो म्हणाला, "आत्या, तू शिकलेली ना? ही अंधश्रद्धा आहे." मी म्हटलं, "असेल. मग तुझ्या वाशिंदच्या फ्लॅटचा ताबा पौषात मिळाला होता तेव्हा वास्तुशांतीसाठी माघापर्यंत का थांबलास?" यावर तो म्हणाला की ते आईसाठी होतं. सगळ्यांची श्रद्धा ही त्यांच्या आईसाठी असते. अंधश्रद्धा तेवढी डोंगरावरच्या लोकांची स्वतःची.

आणि पौष सोडा. नवं घर ओलं होतं. भिंतींवर हात ठेवला तर हाताला गार पाणी लागायचं. त्यात चुलीला जागा नव्हती, संस्थेनं गॅससाठी ओटा घातला होता, गॅस दिलेला नव्हता. बाळंतिणीला शेक हवा, धुरी हवी, चार दिवसांच्या जिवाला ऊब हवी. ओल्या सिमेंटच्या खोलीत पौषातल्या रात्री तान्ह्याला ठेवायचं म्हणजे काय, हे सांगायला पंचांग लागत नाही. न्युमोनिया माहीत असला तरी पुरतो.

आता येते माझ्या खऱ्या संतापाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी अंगणात बसवून हेलननं जाहीर केलं की जुनं घर पाडणार. मी मराठीत सांगितलं आणि मुद्दाम कडवट आवाजात सांगितलं, म्हणजे कोणीतरी उठेल, भांडेल. मनात इंग्रजीतलं भाषणसुद्धा तयार होतं माझ्या. फक्त कोणीतरी एकदा "नाय" म्हणायला हवं होतं.

हिरूबाय मशेरी थुंकून म्हणाली, "आमी कुठं नाय म्हनतो? पाडा की."

बाकीच्यांनी माना हलवल्या. किसन हसला. जानकी पोटावर हात ठेवून खाली बघत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांपुढे, साहेबांपुढे, ग्रामसेवकापुढे, जो येईल त्याच्यापुढे "हो" म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. मान हलवायला पैसे पडत नाहीत ना! मी हिरूबायला घरामागे गाठलं.

"हिरूबाय, सुनेला दवाखान्यातून कुठं आणणार आहेस? या ओल्या घरात?"

"त्येचा इचार आमी करू."

"कधी करणार? पाडल्यावर?"

"बाई, तू येक काम कर," ती म्हणाली. "त्या गोऱ्या बाईला सांग, घर पाडा, पन कवलं फोडायची नाय. हातोहात उतरवायची. कूड कोयत्यानं नाय तोडायचं, बंद सोडायचं. मेढी हालवून काढायच्या, मोडायच्या नाय."

"जळायला न्यायचं आहे ना शेवटी? मग फोडलं काय, सोडलं काय!"

"व्हय, जळनालाच," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी विश्वास ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी जीपमध्ये बसून मी या लोकांना मनातल्या मनात इतकी नावं ठेवली की मुरबाड कधी आलं ते कळलं नाही. साठ वर्षं टिकलेलं घर, त्याच्या ऐनाच्या मेढी, घर पेलणारे ते खांब, आणि ही बाई ते चुलीत घालायला निघाली. गोऱ्यांना अक्कल नाही म्हणावं तर त्यांना कोणी शिकवलेलं नाही. यांना काय झालं?

त्यानंतरचे दिवस आठवतात ते असेच, तुकड्यातुकड्यांनी. दुपारी जेवायला मिनीबसमधून सँडविच यायचे, आणि वाडीतली माणसं पानावर भात आणि वालाचं बिरडं खायची. एकदा हेलनला बिरड्याचा वास आला म्हणून तिनं ते मागून घेतलं. खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. तिच्याबद्दल काही चांगलं सांगायचं तर हे सांगता येईल. एक नवरा-बायको भिंत रंगवताना भांडले आणि दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, इकडे आम्हाला मात्र प्रेमाच्या भिंतीवर हात उमटवायला बोलावत होते. मी हात दिला नाही. म्हटलं, संधिवात आहे. हिरूबायनं दिला, निळा. मग ओढ्यावर जाऊन राखेनं घासून काढला.

जानकीच्या कळा एका सकाळी सुरू झाल्या आणि किसन तिला जीपमधून मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. दुपारी तो गूळ-खोबरं घेऊन परत आला. मुलगी. हेलन हे ऐकून टाळ्या वाजवत सुटली. मग तिनं वही काढून हिशोब केला आणि तिचा आनंद दुप्पट झाला. जुनं घर पाडून दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची होती, आणि जानकीलाही त्याच दिवशी दुपारी घरी सोडणार होते. नवं बाळ थेट नव्या घरात! यासाठी तिनं दोन फुगेही आणवले. तो बाळाचा पाचवा दिवस होता, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. समीरला माहीत होतं. तो "येस" म्हणाला.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची असते. पाटा-वरवंटा मांडायचा, पुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. एकदाच येते. नंतर खाडाखोड नाही. मी स्वतः देवधर्मातली फारशी नाही, पण माझ्या दोन्ही मुलांच्या पाचवीला माझ्या सासूनं ठेवलेला कागद मी आजही फेकलेला नाही. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

घर पाडायचा दिवस. ऊन कोवळं होतं आणि सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. रांग झाली, पण या वेळी विटांची नाही, कौलांची. नळीची कौलं वरून एकेक उतरत होती आणि हातोहात खाली जात होती. हिरूबाय मधोमध उभी राहून ओरडत होती, मी इंग्रजीत ओरडत होते. "सावकाश! दोन हातांनी धर!" कौलं झाली, मग वासे उतरले, मग आढं. कूड सोडून आख्खेच्या आख्खे उचलले तेव्हा वाळलेली शेणमाती सगळ्यांच्या डोक्यावर पडली आणि गोरी माणसं क्षणात आमच्या रंगाची झाली. मोजे काढून टाकलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. मेढी उपटायला दोन-दोन माणसं लागली. सगळं सामान हिरूबायच्या हुकुमावरून वाडीच्या खाली, खळ्याकडे, पेंढ्याच्या उडवीमागे नेऊन रचलं. हेलननं एक मेढ खांद्यावर घेतली होती. दुसऱ्या टोकाला किसन. ती रडत होती, "आपण इतिहास बदलतो आहोत," असं काहीसं म्हणत होती. किसन हसून मान हलवत होता. माझ्यानं ते बघवेना. मी जीपमध्ये जाऊन बसले आणि दुपारी बाकीच्यांच्या आधी निघाले.

परवा बस दिसली म्हणून मी समीरला फोन केला, सहज. म्हटलं, या वर्षी कोणाचं घर? त्यानं एका वाडीचं नाव सांगितलं. मी विचारलं, जुनं घर कसं पाडणार, हातानं? तो म्हणाला, "नाही आत्या, आता ऑफिसचा नियम आहे. टीम यायच्या आधीच जेसीबी लावून सपाट करतात. उगाच घोळ नको." मी विचारलं, मग ती माणसं पौषभर कुठं राहतात? तो म्हणाला, नातेवाइकांकडे. कोणाच्या, ते त्यानं विचारलेलं नव्हतं. म्हणजे शहाणपण यांना येतं. फक्त ते नेहमी चुकीच्या बाजूनं येतं.

असो. त्या वर्षी किल्लीच्या दिवशी दुपारी चारला मांडव तयार होता. नव्या घराच्या दारात लाल फीत. ताटात नारळ, किल्ली, कात्री, आणि जाड कागदाचं रंगीत प्रमाणपत्र, त्यावर घरमालकाची आणि हेलनची सही व्हायची होती. सरपंच इस्त्रीच्या शर्टात घामेजत होते. फुगे बांधलेले होते. हेलनच्या भाषणाचे कागद तिच्या हातात होते, किती पानं ते बघून माझा जीव गोळा झाला. नव्हतं ते फक्त ज्यांचं घर, ते कुटुंब. जानकीला घेऊन जीप आल्याचं सगळ्यांनी बघितलं होतं. मग कुठं गेले? समीर म्हणाला, "आत्या, जरा बघून ये ना."

मी खळ्याकडे उतरले. उडवीच्या वळणापाशी आले तशी आधी धुराचा वास आला, मग धूर दिसला.

घर उभं होतं. तेच. खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर, उडवीच्या आड, वाऱ्याला पाठ देऊन. तीच कौलं, त्याच मेढी, तेच कूड, फक्त नव्यानं लिंपलेले. लेप उन्हानं अर्धा वाळला होता. सगळी वाडी आदल्या संध्याकाळी पाहुणे गेल्यापासून तिथं राबली असणार. अजून काही माणसं कौलांवर बसलेली होती. आत चूल पेटली होती आणि चुलीपासून जरा लांब, घोंगडीवर जानकी बसली होती, मांडीवर गाठोडं. त्या गाठोड्यातून एक मूठ बाहेर आली होती. हिरूबाय बाहेरून शेवटचा कोपरा लिंपत होती. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"जळनाला म्हनली होतीस," मी म्हटलं. माझी भाषासुद्धा तिच्यासारखी झाली.

"तुला खरं सांगितलं असतं तर तू तिच्याशी विंग्रजीत भांडली असतीस," हिरूबाय म्हणाली. "मंग त्यांनी येकपन कवल उचललं नसतं. येवढं सामान आमी कुनाच्या डोक्यावर घालून आनलं असतं?"

मी शेणमातीची पाटी तिच्या हाताशी सरकवली, कामाला हात लावला. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

मागे पावलं वाजली. हेलन आली होती, तिच्यामागून समीर, हातात ताट घेऊनच. हेलन उभी राहिली. तिनं घर वरपासून खालपर्यंत बघितलं. मेढीकडे बघितलं, जी तिनं स्वतः खांद्यावरून आणली होती, आणि तिचा हात आपोआप खांद्यावर गेला. समीर इंग्रजीत "सॉरी, सॉरी" करत होता. ती त्याचं ऐकत नव्हती. मला म्हणाली, "तिनं मला फसवलं."

मी हिरूबायला सांगितलं. हिरूबाय हात झाडून उठली. "सांग तिला, माघ लागला की येतो त्या घरात. देव आनि विस्तव घेऊन येतो. कुठं पळून चाललोय? आज पाचवी हाय पोरीची. सटवाय येनार. त्या सिमिटच्या घरात तिला कोन वळखतो? ती ही मेढ वळखते. किसनचं तिनं हिच्याखालीच लिवलंय, त्याच्या बापाचं पन हिच्याखाली."

सटवाई म्हणजे कोण, हे मी हेलनला सांगितलं. लेखणी, कागद, एकदाच येते, खाडाखोड नाही. मला वाटलं, आता "वाव" येईल. नाही आलं. मग तिनं खिशातून मोबाइल काढला, तिला फोटो घ्यायचा असावा. हिरूबायनं पुढे होऊन तिच्या मोकळ्या हातात शेणमातीचा गोळा ठेवला आणि उरलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "फोटू मागनं. ह्यो कोपरा ऱ्हायलाय, दिस कलला."

हेलननं मोबाइल समीरकडे दिला आणि कोपरा लिंपला. वाईट लिंपला. जाड, ओबडधोबड, बोटांचे चर उठलेले. हिरूबायनं तो पुन्हा हातानं सारखा केला नाही, एवढंच सांगते. वर मांडवात लाउडस्पीकरवर सरपंच कोणाचं तरी स्वागत करत होते. तिथं कोण उरलं होतं कोणास ठाऊक.

आत बायांनी पाटा मांडला. वरवंटा, हळदकुंकू, भाताचा नैवेद्य. जानकीनं बाळाला पाट्यापुढे टेकवलं. मग बायांची कुजबुज सुरू झाली. किसन कोनाडे चाचपत बाहेर आला. घर हलवलं त्यात कुठं काय गेलं, सापडत नव्हतं. वाडीत पोरं शाळेत जातात, वह्या-पेनं असतात, पण सगळी पोरं फुग्यांपाशी होती.

"काय हवं आहे त्यांना?" हेलननं विचारलं.

"कागद आणि पेन," मी म्हटलं. "कोरा कागद."

तिनं समीरच्या ताटातलं प्रमाणपत्र उचललं. समीरच्या शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन काढून घेतलं. बूट काढले, वाकून आत गेली आणि पाट्यापुढे तो जाड कागद पालथा घातला. मागची बाजू स्वच्छ पांढरी होती. त्यावर पेन ठेवलं.

"आत्या," समीर दारातून कळवळला, "अगं, त्याच्यावर सही व्हायची आहे!"

हिरूबायनं हात पाण्यात बुडवले आणि पदराला पुसले.

"व्हईल की रे," ती म्हणाली. "आधी तिची व्हऊ दे."